रुळांना आडवा जाणारा रस्ता : आगगाडीच्या प्रतिकृतीत खरे वाटणारे रस्ते कसे करावेत

छोट्या आगगाडीची मांडणी पाहायला आलेला माणूस प्रथम इंजिनाकडे पाहतो, मग डब्यांकडे, मग स्टेशनाकडे. रस्त्याकडे तो मुद्दाम असा पाहत नाही. आणि तरीही ती मांडणी खरी वाटते की खेळण्यातली वाटते, हे पुष्कळदा रस्त्यावरच ठरते. कारण उघड आहे. इंजिन जवळून न्याहाळलेले लोक थोडे. रस्ता मात्र प्रत्येकाने जन्मभर पायांखाली तुडवलेला असतो. इंजिनाच्या चाकांची संख्या चुकली तर ते शंभरात एखाद्याच्या ध्यानात येईल. रस्ता चुकला तर नेमके काय चुकले हे कोणाला सांगता येणार नाही, पण काहीतरी बिघडले आहे हे शंभरांनाही जाणवेल.

आमच्या कॉलेजच्या छंद-मंडळात आम्ही काही विद्यार्थी गेली दोन वर्षे अशी एक मांडणी करीत आहोत. तिचा विषय आहे बेळगावातील रेल्वे गेट, २००० सालच्या सुमाराचे. ही कोणा एका गेटाची हुबेहूब नक्कल नव्हे; शहरातील दोन-तीन गेटे डोळ्यांपुढे ठेवून ते जुळविले आहे. त्यांपैकी काही ठिकाणी आता उड्डाणपूल झाले आहेत. पूल झाला ही सोयीचीच गोष्ट. गाडी येईपर्यंत तापत उभे राहणे संपले. परंतु जे राहिले नाही ते मांडायचे, तर ते होते तसे मांडणे ही एक जबाबदारी होऊन बसते. म्हणूनच रस्त्यावरून मंडळात चांगला वाद झाला. स्नेहसंमेलनाला पाहुणे येणार, तेव्हा रस्ता काळाभोर, गुळगुळीत आणि पांढऱ्या पट्ट्यांचा करावा, असे काहींचे म्हणणे होते. रस्ता जसा होता तसाच, ठिगळांसह आणि धुळीसह करावा, असे इतरांचे. वाद मतांनी मिटेना, तेव्हा तो मोजमापाने आणि निरीक्षणाने मिटवावा असे ठरले. त्यातून जे शिकायला मिळाले ते या लेखात क्रमाने सांगतो.

प्रमाण

लहान आगगाडीच्या रुळांची मापे ठरवून देण्याचे काम प्रथम जर्मनीतील मेर्कलिन या खेळण्यांच्या कारखान्याने १८९१ साली केले. आज जगात सर्वांत जास्त चालणारे प्रमाण ‘एच-ओ’ या नावाने ओळखले जाते. त्यात प्रत्येक वस्तू खऱ्याच्या ८७ व्या हिश्श्याएवढी असते. पुण्यास कोथरूड भागात जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून आहे. ज्यांना हे लहान जग चालताना पाहायचे असेल त्यांनी ते अवश्य पाहावे. आम्हीही १:८७ हेच प्रमाण घेतले.

या प्रमाणात खरा एक मीटर म्हणजे साडेअकरा मिलिमीटर. एकदा एवढे लक्षात ठेवले की बाकी सारा त्रैराशिकाचा खेळ. एका गाडीपुरता रस्ता ३.७५ मीटरचा धरतात. तो ४३ मिलिमीटर झाला. मध्यम रस्ता साडेपाच मीटरचा, तो ६३ मिलिमीटर. दोन गाड्या सहज जातील असा सात मीटरचा रस्ता ८० मिलिमीटर. दीड मीटरचा फूटपाथ १७ मिलिमीटर, आणि त्याची पंधरा सेंटिमीटर उंचीची कड पावणेदोन मिलिमीटरहून किंचित कमी.

खऱ्या रस्त्याची रुंदी मोजण्यास आम्ही सायकल वापरली. २६ इंची चाकाचा एक फेरा म्हणजे दोन मीटरहून थोडे जास्त. चाकावर खडूची खूण करून फेरे मोजले की टेप पसरण्याची गरज नाही आणि रहदारीलाही अडथळा नाही. हे मोजमाप सकाळी लवकर करावे. रुळांवर मात्र पाऊल टाकू नये. विनापरवाना रेल्वेच्या हद्दीत शिरणे हा १९८९ च्या रेल्वे कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी त्यात शहाणपण नाही. रुळांची मापे पुस्तकांतून मिळतात.

साडेपाच मीटर हा आकडा आमच्या फार उपयोगी पडला. बस सुमारे अडीच मीटर रुंद असते. समोरासमोर आलेल्या दोन बसना मिळून पाच मीटर लागतात, आणि मध्ये अंतर ठेवायचे तर बाहेरची चाके डांबराच्या कडेवर किंवा कडेखाली जाणारच. म्हणजे अशा रस्त्याची कड तुटलेली असते ती केवळ दुर्लक्षामुळे नव्हे. हिशेबच तसा आहे. सात मीटरच्या रस्त्याची कड तितकी तुटत नाही. रुंदी कळली की कड कशी दाखवायची तेही कळते.

रस्त्याची पाठ

रस्ता सपाट नसतो. तो मध्ये उंच आणि दोन्ही बाजूंना उतरता असतो. या फुगवट्याला स्थापत्यशास्त्रात कॅम्बर म्हणतात. पाणी रस्त्याचा शत्रू आहे, हे स्कॉटलंडचा रस्तेबांधणीकार जॉन मॅकॅडम (१७५६–१८३६) याने फार चांगले ओळखले होते. खालची जमीन कोरडी ठेवा, तिच्यावर एकमेकांत घट्ट बसणारी लहान फोडलेली खडी पसरा, आणि पाणी बाजूला जाऊ द्या, हे त्याचे सूत्र. खडीचा तुकडा सहा औंसांहून जड नसावा असा त्याचा दंडक होता. त्याच्याच नावावरून खडीच्या रस्त्याला मॅकॅडम म्हणू लागले. पुढे मोटारी आल्या, त्यांच्या चाकांनी खडीतील बारीक भुकटी उडू लागली, तेव्हा खडी डांबराने बांधण्याची पद्धत रूढ झाली. आपल्याकडे खेड्यापाड्यांत अजून मुरूम-खडीचा रस्ता आधी होतो आणि डांबर मागाहून पडते.

आता हा फुगवटा प्रतिकृतीत किती असावा? डांबरी रस्त्याला मध्यापासून कडेपर्यंत शेकडा दोन ते अडीच उतार देतात. सात मीटरच्या रस्त्याचा अर्धा भाग साडेतीन मीटर. त्याचे शेकडा अडीच म्हणजे पावणेनऊ सेंटिमीटर. याला ८७ ने भागले की उत्तर येते एक मिलिमीटर. आमच्या साडेपाच मीटरच्या रस्त्याला तो पाऊण मिलिमीटरहून किंचित अधिक पडतो. एवढासा उंचवटा कोणाला दिसणार, असे वाटेल. पण मांडणीवर दिवा तिरपा लावला की त्या एका मिलिमीटराने रस्त्याच्या एका बाजूवर उजेड आणि दुसऱ्या बाजूवर किंचित सावली येते, आणि पुठ्ठ्याची पट्टी एकदम रस्ता वाटू लागते. सगळ्या कामात इतक्या कमी खर्चात इतका फरक दुसऱ्या कशाने पडत नाही.

रस्ता घालण्याची कृती

साहित्य सर्व गावात मिळणारे आहे. दोन मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा, प्लास्टर ऑफ पॅरिस, फेव्हिकॉल, काळा, पांढरा, पिवळी माती आणि तपकिरी हे चार पोस्टर किंवा अ‍ॅक्रिलिक रंग, १२० आणि ४०० नंबरचा पॉलिशपेपर, जुनी प्लास्टिकची फूटपट्टी, मऊ ब्रश.

प्रथम पुठ्ठ्यावर रस्त्याचा आराखडा पेन्सिलीने काढून घ्यावा. मध्यरेषेवर एक मिलिमीटर जाडीच्या कागदाची अरुंद पट्टी चिकटवावी. दोन्ही कडांना रस्त्याच्या जाडीएवढ्या लाकडी पट्ट्या तात्पुरत्या ठोकाव्यात. मग फूटपट्टीची एक कड कॅम्बरच्या आकाराची तासून घ्यावी, म्हणजे मध्ये एक मिलिमीटर खोल आणि टोकांना सरळ. गवंडी गिलाव्यावर जसा रंधा ओढतो तशी ही पट्टी दोन्ही कडांवर टेकवून ओल्या प्लास्टरवरून ओढायची. एका ओढीत रस्ता आपोआप मध्ये उंच आणि बाजूंना उतरता होतो.

प्लास्टर कालवताना पाण्यात प्लास्टर टाकावे, प्लास्टरात पाणी नव्हे. गुठळ्या होत नाहीत. पाण्यात थोडे फेव्हिकॉल आणि काळा-तपकिरी रंग आधीच मिसळावा. असे केले की पुढे कोठे टवका उडाला तरी आतून पांढरे दिसत नाही. प्लास्टर दहा-पंधरा मिनिटांत घट्ट होऊ लागते. हात सवयीचा नसेल तर पाण्यात लिंबाचे चार-पाच थेंब पिळावेत. लिंबातील आम्लाने घट्ट होण्याचा वेग मंदावतो. मीठ मात्र उलट काम करते, म्हणून मिठाचे भांडे या कामाला घेऊ नये. थर दोन-तीन मिलिमीटरहून जाड नको.

दुसऱ्या दिवशी वाळलेला रस्ता ४०० नंबरच्या पॉलिशपेपरने हलकेच घासावा. येथे एक प्रश्न नेहमी विचारला जातो. डांबरी रस्ता खरखरीत असतो. मग बारीक वाळू का टाकू नये? याचेही उत्तर त्रैराशिक देते. रस्त्याच्या वरच्या थरातील खडी साधारण दहा मिलिमीटरची. ती १:८७ मध्ये ०.११ मिलिमीटर होते. आपण जिला बारीक म्हणतो त्या वाळूचा कण अर्ध्या मिलिमीटरचा असला, तर तो खऱ्या रस्त्यावर चार सेंटिमीटरहून मोठा दगड झाला. असा रस्ता डांबराचा नव्हे, नुकत्या पसरलेल्या खडीचा दिसेल. १२० नंबरच्या पॉलिशपेपरचा कण सुमारे ०.१२ मिलिमीटरचा असतो, म्हणजे तो बरोबर मापाचा आहे; आणि ४०० नंबरचा कण त्याच्याही तिसऱ्या हिश्श्याहून लहान. म्हणून घाईचे काम असेल तर १२० नंबरचा कागदच रस्ता म्हणून चिकटवता येतो. त्याचा दोष इतकाच की सांधे लपत नाहीत आणि कॅम्बर नीट बसत नाही.

रंग

मंडळातील वाद खरा येथे होता. रस्ता काळा असतो, हे आपण लहानपणी चित्रे रंगवताना शिकतो आणि पुढे कधी तपासत नाही. आम्ही एक साधा प्रयोग केला. दुपारी पांढरा कागद आणि काळा बूट घेऊन डांबरी रस्त्यावर गेलो आणि दोन्ही शेजारी ठेवले. रस्ता बुटाच्या जवळचा निघाला नाही. तो कागद आणि बूट यांच्या अधेमधे कोठेतरी होता, आणि जुन्या भागात तर कागदाकडे झुकलेला. काळेभोर पक्षाचे जे लोक होते त्यांनीच हा प्रयोग तीन ठिकाणी करून पाहिला आणि निकाल मान्य केला.

असे का होते? नवा रस्ता खरोखर काळा असतो, कारण खडीच्या प्रत्येक दाण्यावर डांबराचे आवरण असते. उन्हाने आणि हवेने डांबर फिके पडते. चाकांच्या घासण्याने दाण्यांच्या माथ्यावरचे आवरण निघून जाते आणि आतली दगडाची राख-करडी छटा उघडी पडते. वर्षा-दोन वर्षांत काळ्याचा करडा होतो. रस्त्याचा रंग म्हणजे त्याचे वय, असे म्हणावयास हरकत नाही.

म्हणून मूळ रंगासाठी पांढऱ्यात काळा मिसळत जावे, काळ्यात पांढरा नव्हे. त्यात पिवळ्या मातीचा किंवा तपकिरीचा एक थेंब टाकला की शाळेच्या पाटीची निळसर झाक जाते. शिवाय लहान वस्तूवर रंग अधिक गडद भासतो, तेव्हा खऱ्या रस्त्याहून एक छटा फिकटच ठेवावी. आणि रंग मांडणीच्या दिव्याखालीच तपासावा. उन्हात जुळविलेला करडा रंग घरातील दिव्याखाली हिरवट किंवा जांभळट दिसू शकतो.

मूळ रंग वाळला की त्याच रंगाच्या दोन-तीन छटा, अगदी कोरड्या ब्रशाने, रस्त्याच्या लांबीच्या दिशेने फिरवाव्यात, आडव्या कधीही नाहीत. वाहने लांबीच्या दिशेने जातात आणि रस्त्यावरची प्रत्येक खूण त्याच दिशेने ओढली जाते.

वापराच्या खुणा

आता रस्ता रस्त्यासारखा दिसू लागतो, पण कोणाच्याच पायाखालचा नसलेला. त्याला वापर दाखवावा लागतो, आणि येथे प्रत्येक खुणेला कारण हवे. कारण नसलेली खूण म्हणजे केवळ घाण.

गेटापाशी वाहने थांबतात. थांबलेल्या वाहनातून तेल ठिबकते. म्हणून गेटाच्या अलीकडे, दोन चाकांच्या मधोमध, गडद तेलकट डाग असतात आणि गेटापासून मागे जावे तसे ते विरळ होतात. रांगेच्या शेवटी ते जवळजवळ नसतात. शिवाय आपल्याकडे गेट पडले की स्कूटरी उजव्या बाजूनेही पुढे येतात, तेव्हा डाग रस्त्याच्या दोन्ही अर्ध्या भागांत हवेत. हा बारकावा मंडळातील सर्वांना एका क्षणात पटला, सांगावा लागला नाही.

नळ किंवा केबल टाकण्यासाठी खणलेले चर रस्ता काटकोनात ओलांडतात. त्यांवरचे ठिगळ मूळ रस्त्याहून नवे, म्हणून गडद असते, कडा सरळ असतात आणि मधला भाग किंचित खचलेला असतो. एक चर एखाद्या घरापाशी किंवा नळकोंडाळ्यापाशी जाऊन संपला पाहिजे. हवेत संपणारे ठिगळ नको. तडे काढताना हात आवरावा. साध्या पेन्सिलीची अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे खऱ्या रस्त्यावर चार सेंटिमीटर रुंद भेग. तड्यांसाठी अणकुचीदार सुईचा ओरखडा आणि त्यात पातळ शाई पुरते, आणि तेही दोन-चार ठिकाणीच.

कडेला बाजूपट्टी. बेळगावाच्या दक्षिणेस, खानापूरकडे जांभा दगड आणि लाल माती. ईशान्येस गोकाक-अथणीकडे काळी. आमच्या गेटाला लालच माती हवी. ती आणून, वाळवून, कुटून वस्त्रगाळ करावी. पिठाच्या चाळणीची चाळ येथे जाडी पडते. मग तीतून कागदात गुंडाळलेला चुंबक दोन-तीन वेळा फिरवावा. लाल मातीत लोहाचे बारीक कण असतात, आणि इंजिनाच्या मोटारीतील चुंबक ते ओढून घेतो. कागदाला चिकटलेली काळी भुकटी पाहिली म्हणजे ही काळजी वायफळ नव्हे हे कळते. माती कडेपासून मध्याकडे कोरड्या ब्रशाने पसरावी, कडेला दाट आणि चाकांच्या वाटेवर जवळजवळ नाही. चाके स्वतःची वाट स्वतःच झाडत असतात. ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांचा हंगाम दाखवायचा असेल तर शेतवाट जेथे डांबरी रस्त्याला मिळते तेथून मातीचे दोन पट्टे वळणाने रस्त्यावर येतात आणि पुढे फिके होत जातात.

रूळ ओलांडताना

रुळांपाशी येताना तीन गोष्टी एकदम घडतात. रस्ता भरावावर चढतो. त्याचा कॅम्बर हळूहळू नाहीसा होतो, कारण दोन्ही रूळ एका पातळीत असतात आणि रस्त्याला त्यांच्याशी जुळवून घ्यावे लागते. आणि रस्त्याचा मालक बदलतो.

ही तिसरी गोष्ट आम्हाला एका सहाध्यायिनीच्या आजोबांकडून समजली. ते रेल्वेत गँगमन होते. मांडणी पाहून ते म्हणाले, “पोरांनो, गेटाच्या आतला रस्ता आमचा, भायेरला म्युनिसिपालटीचा. दोन्हीचा रंग एक कसा असंल?” खरेच आहे. गेटांमधल्या भागाची डागडुजी रेल्वे करते आणि बाहेरच्या भागाची नगरपालिका किंवा बांधकाम खाते. दोघांचे डांबर वेगळ्या वर्षी पडते. त्यामुळे गेटापाशी रस्त्यावर एक आडवी सरळ रेघ असते, आणि तिच्या दोन बाजूंचा रंग, खरखर, कधी पातळीही वेगळी असते. आम्ही ती रेघ घातली. त्या दिवसापासून मांडणीतले गेट आमच्याही डोळ्यांना गेट वाटू लागले.

चाकांच्या कडा जाण्यासाठी रुळाच्या आतल्या अंगाला खाच ठेवावी लागते. तेथे हिशेब थोडा मोडावा लागतो. प्रत्यक्षातली पाच सेंटिमीटरची खाच १:८७ मध्ये ०.६ मिलिमीटर होते, पण प्रतिकृतीच्या चाकांच्या कडा प्रमाणाहून जाड असतात, तेव्हा सव्वा ते दीड मिलिमीटर जागा हवी. रुळांमधील भराव रुळाच्या माथ्यापेक्षा अर्धा मिलिमीटर खालीच ठेवावा, नाहीतर इंजिन उचलले जाते आणि चाकांचा रुळाशी संपर्क तुटतो. बारा व्होल्टचा प्रवाह दोन रुळांतून दोन तारांसारखा वाहत असतो, म्हणून या भागात पत्रा किंवा धातूची जाळी वापरू नये. पुठ्ठा किंवा लाकडाची चीप उत्तम. रुळांच्या मधला रस्ता चाकांनी घासून गुळगुळीत आणि इंजिनाच्या तेलाने काळसर झालेला असतो; संपूर्ण रस्त्यात काळा रंग मोकळ्या हाताने वापरण्याची जागा हीच.

गेटाच्या अलीकडे गतिरोधक असतो. प्रमाणित गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर उंच, म्हणजे आपल्या मापात ४२ मिलिमीटर रुंद आणि एक मिलिमीटरहून थोडा उंच. प्रतिकृतीत पुष्कळजण तो काडीसारखा करतात. इंजिनचालकाला शिटी वाजविण्याची खूण देणारा ‘सी/फा’ फलक गेटापासून सुमारे सहाशे मीटरवर असतो. तो आमच्या मापात जवळजवळ सात मीटर दूर जातो, म्हणजे प्रयोगशाळेच्या भिंतीबाहेर. असे अंतर कमी करावेच लागते. लांबी आखडता येते, रुंदी आणि उंची आखडू नये. डोळा लांबीला फसतो, रुंदीला फसत नाही.

काळाचे भान

शेवटी रस्ता कोणत्या सालचा आहे हेही त्याच्या अंगावर लिहिलेले असते. २००० सालच्या गल्लीत गटारावर शहाबादी फरशी हवी. दोन फुटी फरशी सात मिलिमीटरची होते. पुठ्ठ्याचे चौकोन कापून, एखादा तिरका, एखादा मोडका असे बसवावेत. रंगीत सिमेंटचे पेव्हर त्या गल्लीत नकोत. बेळगावची निवड २०१६ साली स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत झाली, आणि काँक्रीटचे रस्ते व पेव्हरचे फूटपाथ आपल्या डोळ्यांना सवयीचे झाले ते अलीकडच्या वर्षांत. ज्यांना आजचा रस्ता करावयाचा असेल त्यांनी काँक्रीटचा पिवळसर पांढरा रंग घेऊन साधारण साडेचार मीटरवर, म्हणजे ५२ मिलिमीटरवर, एक आडवा सांधा सुईने ओढावा आणि त्यात गडद शाई सोडावी. पेव्हरची एक वीट मात्र सव्वादोन मिलिमीटरचीच भरते. ती कोरत बसण्यापेक्षा कागदावर छापून चिकटविणे बरे.

पांढरी पट्टी दहा सेंटिमीटरची, म्हणजे मिलिमीटरभराहून जराशी जास्त. चिकटपट्टीच्या दोन कडांमध्ये रंग भरून ती काढावी, आणि वाळल्यावर चाकांच्या वाटेवर ४०० नंबरच्या कागदाने अर्धी पुसून टाकावी. आमच्या गेटापाशी पट्टी घातलीच नाही. आम्हाला मिळालेल्या त्या काळच्या दोन्ही फोटोंत ती नव्हती.

समारोप

३१ जानेवारी २०१९ पर्यंत ब्रॉडगेज मार्गांवरील सर्व विनारखवाल फाटके बंद झाली. रखवालदार असलेल्या फाटकांच्या जागीही पूल आणि भुयारी मार्ग होत आहेत. त्यात माणसांचे जीव वाचतात, म्हणून त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. पण पूल झाला की खालच्या रस्त्याची नोंद कोणी ठेवत नाही. इंजिनांची छायाचित्रे निघतात, स्टेशनांची निघतात. गेटापुढच्या तीस मीटर डांबराचे छायाचित्र मुद्दाम कोण काढील? घरच्या अल्बमात मात्र ते अनवधानाने आलेले असते. लग्नाच्या वरातीमागे, नव्या स्कूटरीशेजारी, शाळेच्या सहलीच्या बसखाली.

मंडळाचे काम अजून अपुरे आहे. गेटाच्या पूर्वेकडची बाजू, तेथली दुकाने आणि पानपट्टीसमोरचा रस्ता करावयाचा आहे. मराठी व कन्नड दोन्ही विभागांतील वाचकांना विनंती की २००५ पूर्वीच्या कोणत्याही रेल्वे गेटाचे फोटो घरी असतील तर ते एक दिवसासाठी भौतिकशास्त्र विभागात आणून द्यावेत. आम्ही नक्कल काढून फोटो त्याच दिवशी परत करू. फोटोत माणसे कोण आहेत याला आमच्या दृष्टीने महत्त्व नाही. त्यांच्या पायांखाली काय आहे एवढेच आम्हाला पाहायचे आहे. आणि ज्यांच्या घरी फोटो नाहीत पण आजी-आजोबा आहेत, त्यांनी त्यांनाच घेऊन यावे. आमच्या मांडणीतली सर्वांत खरी रेघ अशाच एका आजोबांनी दाखवलेली आहे.